सतरा नंबरचा कडूलिंब

कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षं मी झाडं लावली, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो. कोळसा काढायच्या जागी झाडं कशाला? पण लावावी लागतात बाबा. कोळशाच्या वर जो दगड, मुरूम, माती असते ती खोदून बाजूला टाकली की तिचे डोंगर होतात, आणि त्या डोंगरांवर हिरवं काहीतरी उगवून दाखवा, अशी सरकारची अट असते. चंद्रपूरकडच्या एका खाणीत ते उगवून दाखवणारा माणूस मी होतो. माझ्या पदाचं नाव एका दमात म्हणता येणार नाही एवढं लांब होतं. सगळे आपले 'झाडवाला' म्हणायचे.

त्या नोकरीनं मला एक गोष्ट शिकवली. तपासणीला येणारा माणूस झाड बघत नाही, रांग बघतो. एका वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी आमच्या साहेबांच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या सागाची पानं कोळशाच्या धुळीनं पार काळी पडली आहेत. मग आम्ही नऊ जण, त्यातले दोघे पदवीधर, ओली फडकी घेऊन पुढच्या रांगेतलं एकेक पान पुसत बसलो. दोन्ही बाजूंनी. पाहुण्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीची काच खाली न करताच मान हलवली आणि अहवालात 'टवटवीत' असं लिहिलं. तो शब्द वाचून मला असा संताप आला की ते फडकं मी बरेच दिवस जपून ठेवलं होतं. शेवटी बायकोनं त्यानं ओटा पुसला.

निवृत्त होऊन मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावी आलो तेव्हा ठरवलं होतं की आता एकही झाड लावायचं नाही. फक्त झाडाखाली बसायचं. पण गावाशेजारी आमची वाट बघत एक खदान बसलेली होती. रस्त्याच्या कामासाठी एका कंपनीनं गावाच्या ई-क्लासमधून, म्हणजे ढोरं चारायच्या पडीत जमिनीतून, मुरूम उचलला होता. काम संपल्यावर उरला एक भला मोठा खड्डा आणि त्याचा तुटका उतार. अट नेहमीचीच: उतार सारखा करा, वर माती पसरा, झाडं लावा आणि तीन वर्षं जगवून दाखवा. जगली तर जमीन गावाला परत. यावर लक्ष ठेवायला गावाची देखरेख समिती हवी होती. ग्रामसभेत सरपंचांनी माझ्याकडे बोट केलं. "हे कोयशाच्या खदानीतले हायेत. याईले सगळं समजते."

इथे माझाच शहाणपणा नडला. नको म्हणायचं सोडून मी तीन रात्री बसून आराखडा लिहून दिला. कुठली झाडं, किती खोल खड्डा, आधी गवत मग बाभूळ मग बाकीचं, आणि दोन झाडांत तीन मीटर अंतर. तीन मीटरखाली मी दोनदा रेघ ओढली होती. कंपनीच्या सुपरवायझरनं तो कागद डोक्याला लावला आणि जीपच्या सीटखाली ठेवला.

पहिल्या वर्षीची झाडं सगळी मेली. सगळी म्हणजे सगळी. मुरमात पाणी थांबत नाही, हे मी सांगून थकलो. टँकर यायचा, पाणी वरून टाकायचं, ते खालून निघून जायचं, आणि सुपरवायझर मधल्या मधे फोटो काढून घ्यायचा. झाडांभोवतीच्या लोखंडी जाळ्या एकेक करून गावात पोचल्या. त्यांत कोंबड्या छान राहतात. माझ्या स्वतःच्या घरी दोन होत्या, खोटं कशाला बोलू.

त्याच वर्षीच्या फाल्गुनात माझा थोरला भाऊ गेला. दादा सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसला आणि तसाच बसून राहिला. आजार नाही, दवाखाना नाही. वहिनी दुसरा चहा घेऊन आल्या तेव्हा कळलं.

आमच्याकडे बऱ्याच घरांनी आता राख नदीत टाकणं बंद केलं आहे. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, शेतात खड्डा करायचा, त्यात ती टाकायची आणि वर झाड लावायचं. चांगली रीत आहे. पण दादाच्या शेतात ट्रॅक्टर फिरत नाही अशी जागा एकच, धुरा, म्हणजे बांध. आणि त्या धुऱ्यावरून दादाचं आणि शेजारच्या शेतकऱ्याचं वीस-बावीस वर्षं भांडण होतं. वीतभर जमीन. तीनदा मोजणी झाली, तिन्ही वेळा वेगळी निघाली. दोघं एकमेकांच्या घरचं पाणी पीत नसत. एकदा मोताळ्याच्या बाजारात दादाला उन्हानं चक्कर आली, तर त्या माणसानं पुढे केलेला तांब्या यानं बसल्या जागेवरून हातानं बाजूला सारला होता.

वहिनी म्हणाल्या, "धुऱ्यावर लावलं तं तो उपटून फेकन. मंग मी कोनाकडे पाहू?"

मी म्हणालो, खदानीत लावू. तिथे टँकर येतो, समिती आहे, मी आहे. खरं सांगतो, मला भावाचं दुःख होतं, आणि त्याच वेळी मनात हेही येऊन गेलं की चला, एक झाड तरी जगेल. माणूस असा हलकट असतो. दादाची राख उतारावरच्या एका खड्ड्यात गेली, वर हातभर उंचीचा कडूलिंब लागला, आणि त्याच्या बुडाशी तारेनं अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बांधली. नंबर सतरा. वहिनींनी माती दाबली आणि हात न झटकताच म्हणाल्या, "एवढं एक जगवून द्या, भाऊजी. बाकी मी तुमाले काही मागत नाही."

टँकरची वाट त्यांनी कधी बघितली नाही. रोज सकाळी कॅन घेऊन जायच्या, आळ्यात पाणी घालायच्या आणि तिथेच बसून सतरा नंबरला घरातल्या बातम्या सांगायच्या. तूर काय भावानं गेली, पंखा कसा कुरकुरतो, मलकापूरच्या लेकीला सहावा महिना लागला. शेवटी धुऱ्याचा विषय निघायचा. मग शेजाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा आणि वहिनी मोकळ्या होऊन घरी यायच्या. आख्ख्या उतारावर तेवढं एक झाड हिरवं.

गावानं ते बघितलं. ज्यांच्याकडे शेत नव्हतं, किंवा होतं पण भावांत वाटणी झाली नव्हती, ते राख घेऊन खदानीत यायला लागले. बौद्धपुऱ्यातल्या गुरुजींचा पिंपळ लागला, कुणाच्या आजीचा आवळा लागला. काहींनी तर दहा वर्षांपूर्वी गेलेल्यांच्या नावानंही झाडं लावली, राख नाही तर नाही, घरातली चिमूटभर माती टाकली. आणि ती झाडं जगायला लागली, कारण त्यांना पाणी घालणारं माणूस होतं. एकतीस वर्षं मी खत, जात, खोली असल्या गोष्टींत डोकं घालत होतो. झाडाखाली कुणीतरी आपलं असावं लागतं, एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

मग गावाची बोलीच बदलली. "मामीले वायवी लागली," म्हणजे वाळवी, "बाबाले खोडकिडा दिसून राह्यला," असं लोक पारावर बसून बोलायचे आणि कुणाला काही वाटायचं नाही. एका घरी वरवट बकालहून पाहुणे सोयरिकीला आले. मुलीचे वडील कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. घरातून सांगितलं, "आजीवर शेणखत टाकायले गेले, येतीनच." पाहुणे चहा अर्धा ठेवून उठायला लागले होते. त्यांना खदानीपर्यंत नेऊन आजी दाखवावी लागली. मग सोयरीक जमली.

सुपरवायझरची तर चांदी झाली. त्याच्या फोटोंत पहिल्यांदाच पानं दिसायला लागली होती. वरून शाबासकी आली, पुढच्या महिन्यात किती झाडं दिसली पाहिजेत तो आकडाही ठरवून आला. एक दिवस तो माझ्याजवळ आला, खाली आवाजात म्हणाला, "अंकल, गाँव में और कोई सीरियस है क्या?" मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याच्या डोळ्यांत खरीच काळजी होती.

दादा गेल्यावर दीड महिन्यानं तो शेजारीही गेला. धुरा आता दोन बायकांकडे आला. आणि त्याच्या मुलानं, गावच्या नव्या रीतीप्रमाणे, राख खदानीतच आणली. बाकीच्यांनी वरच्या रांगा भरून टाकल्या होत्या, आता दादाच्या रांगेची पाळी होती. पुढचा रिकामा खड्डा अठरा नंबरचा. रोपवाटिकेनं त्या महिन्यात नुसते कडूलिंबच पाठवले होते, म्हणून तोही कडूलिंबच.

वहिनी तणतणत घरी आल्या. "जितेपनी धुऱ्याले लागून, आता मेल्यावर बी लागून. भाऊजी, तुमाले दुसरी जागा नाही भेटली?"

"तीन मीटर अंतर आहे, वहिनी."

"मधात धुरा टाका."

मी दगडांची एक ओळ मांडून दिली. दुसऱ्या दिवशी ती ओळ वीतभर सतराकडे सरकलेली होती. तिसऱ्या दिवशी वीतभर अठराकडे. मी पुन्हा मधे केली आणि चुना मारला. वहिनी सकाळी पाणी घालायच्या, शेजारीण संध्याकाळी. दोघींची गाठ पडणार नाही एवढी सोय सूर्यानंच करून ठेवली होती.

आषाढात वहिनी लेकीच्या बाळंतपणाला मलकापूरला गेल्या. जाताना मला बजावून गेल्या, की ह्यायच्याकडे लक्ष ठेवा. मी ठेवलं. एक दिवस मात्र अर्धा तास उशीर झाला तर एक बकरी सतरा नंबरचा शेंडा खाऊन मोकळी. मी बकरीच्या मागे एवढा पळालो की दोन दिवस गुडघा धरून बसलो. झाड वाचलं, शेंडा गेला. वहिनींना सांगायचं नाही, असं मी ठरवलं. त्या यायच्या आत फुटेल.

त्यानंतरच्या आठवड्यात पाऊस लागून राहिला, आणि एका सकाळी उठून बघतो तर उतार खाली बसलेला. मी आराखड्यात लिहिलं होतं की उतारावर आधी गवत लावा. जाऊ दे. वीस-बावीस झाडं मातीच्या गोळ्यासकट घसरून खदानीच्या तळाशी आली होती. काही आडवी, काही उभीच, जशी काय बैठक सोडून पुढे येऊन बसलेली. सुपरवायझरनं माणसं आणली. मऊ जागा दिसेल तिथे भराभर खड्डे केले आणि एकेक गोळा उचलून त्यात बसवायला सुरुवात केली. पट्ट्या बऱ्याच निसटल्या होत्या. त्या बांधायचं काम माझ्याकडे, कारण कोण कोणाचं हे मलाच पाठ होतं.

चष्म्यावर पाणी, हातात चिखल, बादलीत पट्ट्या. झाडं ओळखून ओळखून मी बांधत गेलो. सतरा आणि अठरा शेवटी उरले. त्यांचे खड्डे हातभर अंतरावर झाले होते, ते मला दिसलं, पण कमरेतून वाकून वाकून माझा जीव गेला होता. म्हटलं, राहू दे. दोन्ही शेंड्यापर्यंत चिखलानं माखलेले; पट्ट्या बांधल्या आणि घरी येऊन झोपलो.

आठ दिवसांनी ऊन पडलं आणि मी सहज फिरत गेलो. अठरा नंबरला दोन शेंडे फुटले होते. झाडाचा शेंडा तुटला की खालून दोन फुटतात, हे पोरालाही माहीत असतं. बकरीनं खाल्लेला शेंडा दादाचा होता. म्हणजे अठराची पट्टी दादाच्या पायाशी होती, आणि सतराची शेजाऱ्याच्या.

मी तिथेच दगडावर बसलो. मग म्हटलं, यात काय मोठं, पक्कड आणू, पट्ट्या बदलू. दुसऱ्या दिवशी सकाळी पक्कड खिशात घालून गेलो तर वहिनी आदल्या संध्याकाळीच मलकापूरहून आलेल्या. सतरा नंबरसमोर मांडी घालून बसल्या होत्या आणि सांगत होत्या, की नातू झाला, नाक तुमच्यासारखं आहे. बोलता बोलता रडत होत्या. आणि तो शेजारी आपला ऐकून घेत होता.

मी पक्कड खिशातच ठेवली. उद्या करू म्हटलं. उद्या त्या पुन्हा आधी येऊन बसलेल्या. परवा शेजारीण होती. ती अठरा नंबरला, म्हणजे माझ्या भावाला, पाणी घालत होती. ज्या घरचा तांब्या त्यानं चक्कर आलेली असताना बाजूला सारला, त्याच घरची बाई त्याला रोज कॅनभर पाणी पाजत होती आणि त्याला ते निमूट प्यावं लागत होतं. मला हसू आवरेना. शेजारणीला वाटलं मी तिला हसतोय, तर ती आणखी वैतागली. आठ दिवस गेले, महिना गेला. दिवसागणिक सांगणं जास्त अवघड होत गेलं. चूक लहान असते तोवर माणूस सांगत नाही, आणि मोठी झाली की सांगता येत नाही. असं करत दोन वर्षं गेली. दोन्ही कडूलिंब डोक्याच्या वर गेले. अठराचा दुबेळका, म्हणजे दोन फुटव्यांचं बेचकं, आता चांगला जाड झाला होता, पण ते का, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मग तपासणी आली. बुलढाण्याहून मॅडम आल्या. गाडीतून उतरल्या, बूट घातले आणि सरळ उतार चढायला लागल्या. काच खाली न करणाऱ्यांत ही बाई नव्हती. गावकरी सकाळपासून आपापल्या झाडाशेजारी धुतलेले कपडे घालून उभे होते, मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखे. मॅडम रांगेनं विचारत निघाल्या, हे काय आहे, ते काय आहे. एकानं सांगितलं, "आवळा आहे जी, आमची आजी." त्या क्षणभर थांबल्या, पण त्यांनी आवळा लिहिलं. पिंपळाजवळ गुरुजींच्या मुलानं हात जोडले तर त्यांनीही जोडले. जगलेल्या झाडांचा आकडा मिळत होता. सुपरवायझर मागून सुटकेचे सुस्कारे टाकत होता.

सतरा-अठरापाशी त्या थांबल्या. फाईल उघडली. त्यात माझा आराखडा होता, जीपच्या सीटखालून कोण जाणे कसा तिथवर पोचलेला.

"हे तुम्हीच लिहिलंय ना? दोन झाडांत तीन मीटर?"

"हो."

"खाली दोनदा रेघ ओढली आहे."

"हो."

"इथे तर हातभर अंतर आहे. दोन्ही मोठी झाली की एकमेकांना मारतील. यातलं एक आत्ताच काढा. कुठलं ते समितीनं ठरवावं, मी तसं लिहिते."

वहिनींनी सतराच्या बुंध्यावर हात ठेवला. "अठरा काढा."

शेजारीण गर्दीतून पुढे आली. "काऊन? सतरा काढा. आमीन का पाप केलं?"

"तुमचं मागून आलं."

"मेले बी मागूनच. त्याचं काय करा?"

समितीत आमच्या भावकीचे तिघे होते. त्यांनी माना हलवल्या, की अठरा काढू. सुपरवायझरनं कुऱ्हाडवाल्याला हाक मारली.  माझ्या भावाला तोडायचा ठराव होत होता, तोही त्याच्या बायकोच्या मागणीवरून, आणि अनुमोदन त्याच्या चुलतभावांचं. ऐन वेळी शेजाऱ्याचा मुलगा म्हणाला, "पन त्या पावसात पट्ट्या तं निघाल्या होत्या सगळ्या. काका, तुमीच बांधल्या ना? बराबर बांधल्या होत्या का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडमही.

बरोबर बांधल्या म्हणावं, तर दादा जातो. खरं सांगावं, तर वहिनी त्याच घटकेला सतरावर कुऱ्हाड चालवायला लावणार, म्हणजे दोन वर्षं ज्याच्याजवळ त्या रडल्या ते झाड स्वतःच्या तोंडानं तोडायला लावणार, आणि वर आयुष्यभर लाजत राहणार की आपण कुणाला काय काय सांगून बसलो. मला त्या क्षणी दोन्ही झाडांची माया आली आणि स्वतःचा भयंकर राग.

"मले आठवत नाही," मी म्हणालो.

"आठवत नाही म्हंजे?" वहिनींचा आवाज चिरकला.

"चिखल होता. चष्मा ओला होता. शेवटच्या दोन पट्ट्या मी अंदाजानं बांधल्या. सतरा दादा असल, नाही तं अठरा असल."

वहिनींनी बुंध्यावरचा हात काढून घेतला. मग लगेच परत ठेवला. मग दुसऱ्या झाडाकडे बघितलं. शेजारीण म्हणाली, "काय मानूस हाये हा. याले सरकारनं एकतीस वर्सं पगार देल्ला?" ते मला मान्यच होतं.

आता कुणी कुठलंच झाड काढू देईना. कुऱ्हाडवाला कुऱ्हाड पाठीमागे धरून उभा राहिला. अठरा काढा म्हणणाऱ्या आमच्या भावकीनं एकदम अंग काढून घेतलं. भाऊबंदाला तोडल्याचं कुणी डोक्यावर घेतो काय. मॅडमनी पेन बंद केलं, उघडलं. त्यांना बहुतेक पहिल्यांदाच समजलं होतं, की आपण नुसती झाडं मोजत नव्हतो.

"मग मी काय लिहू?" त्यांनी मलाच विचारलं.

सुपरवायझर आयुष्यात एकदाच शहाण्यासारखं बोलला. "मॅडम, एक ही लिखो ना. नीचे जड़ तो एक हो गयी होगी."

मॅडमनी दोन्ही बुंध्यांकडे बघितलं आणि लिहिलं: कडूलिंब, एक, दोन बुंध्यांचा. क्रमांकाच्या रकान्यात सतरा आणि अठरा यांच्यामध्ये तिरपी रेघ. वीतभर जमिनीसाठी तीन मोजण्या करूनही ज्यांचं जमलं नाही, ते माझा भाऊ आणि त्याचा शेजारी सरकारदरबारी तेव्हापासून एकच झाड आहेत. पुढे गावाची जमीन गावाला मिळाली.

वहिनी माझ्याशी नऊ दिवस बोलल्या नाहीत. रोज सकाळी त्यांच्याकडून माझ्यासाठी ताटलीत काहीतरी यायचं, ते बंद झालं. दहाव्या दिवशी त्या दोन कॅन घेऊन निघालेल्या मला दिसल्या. दोन्ही झाडांना पाणी. त्यांचा हिशोब सरळ होता: यातला एक आपला नक्की आहे, तर दोघांनाही पाजायचं. अडचण अशी, की शेजारणीनंही हाच हिशोब केला होता. संध्याकाळी तीही दोन कॅन आणायची. महिन्याभरात दोन्ही कडूलिंब पिवळे पडायला लागले. कडूलिंबाला एवढं पाणी सोसत नाही. मी दोघींना वेगवेगळं गाठून सांगितलं की असं चाललं तर दोघंही मरतील.

मग एके सकाळी वहिनी पाणी न घालता तिथेच संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. शेजारीण आली. मी लांब पिंपळाच्या आडोशाला होतो. लग्न होऊन गावात आल्यावर सुरुवातीला या दोघी एकाच विहिरीवर धुणं धुवायच्या, असं म्हणतात. त्यानंतर त्यांना भांडणाशिवाय बोलताना कुणी पाहिलेलं नव्हतं.

"मी सोमवारी घालीन," वहिनी म्हणाल्या. "तुमी बिस्तरवारी घाला."

शेजारणीनं सोमवार ते गुरुवार बोटांवर मोजले. "हाव," ती म्हणाली. "शेनखत माह्याकडे हाय. आनू का?"

"आना."

एवढंच. पण त्या दिवसापासून वहिनींचं धुऱ्यावरून शिव्या देणं बंद झालं. मी विचारलं तर म्हणाल्या, "कसं बोलू, भाऊजी? आयकनारा कोन हाये ते समजत नाही ना." शेजारीणही मुकाट्यानं पाणी घालून जाते म्हणे. धुरा यंदा ट्रॅक्टरवाल्यानं अंदाजानं सोडला आणि कुणी मोजायला गेलं नाही.

मीही जातो अधूनमधून. त्या सगळ्या खदानीत दादा कुठला हे ठाऊक असलेला मी एकटाच माणूस. मलाही त्याला सांगायच्या गोष्टी आहेत. पाय दुखतो, झोप लागत नाही, वहिनींना तुझी फार आठवण येते, तू त्या दिवशी दुसऱ्या चहापुरता तरी थांबायला हवा होतास. पण त्या दुबेळक्यासमोर जाऊन उभं राहिलो की वहिनी ओळखतील. एका सोमवारी त्यांनी विचारलंच, "तुमी काऊन नेहमी मधातच उभे राह्यता, भाऊजी?"

"दोघायलेही सारखंच, वहिनी," मी म्हणालो.

त्या आळ्यात पाणी सोडत होत्या. दादा माझ्या उजव्या हाताला होता. मी तिकडे बघितलं नाही.